वाचनालयाचा हंगाम

आमच्या कृष्णाकाठच्या गावात दोन हंगाम एकाच सुमारास सुरू होतात. एक साखर कारखान्याचा आणि दुसरा वाचनालयाचा. दिवाळीच्या आगेमागे तिकडं गव्हाणीत मोळी पडते आणि इकडं वाचनालयाच्या दारात दिवाळी अंकांचे गठ्ठे उतरतात. तिथून फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन्हीकडं वर्दळ. उन्हाळा लागला की कारखान्याचा बॉयलर थंड होतो आणि आम्हीही जरा सुस्तावतो.

मी या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. कविता लिहितो म्हणून घेतलं असावं. जमाखर्चातलं मला फारसं कळत नाही, पण कार्यक्रमात आभार मानायला कुणीतरी लागतंच. तर श्रोतेहो, थंडीच्या चार महिन्यांत एक तालुक्याचं वाचनालय काय काय करतं, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात अर्थातच दिवाळी अंकांपासून. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण मराठी वाचनालयांना वर्षाचा एक सणच देतो आहोत, हे त्यांच्या मनात आलं असेल का, कोण जाणे. आमच्याकडं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते. ती भरणाऱ्यांची यादी दसऱ्यापासूनच तयार होते. अंक आले की पहिले दोन दिवस कुणालाच मिळत नाहीत. आमच्या ग्रंथपाल बाई आणि शिपाईमामा खाली सतरंजीवर बसून प्रत्येक अंकाला दाभणानं शिवण घालतात, वर खाकी कागदाचं कव्हर चढवतात, शिक्के मारतात, दाखल नोंद करतात. लोक खिडकीतून डोकावून विचारतात, ‘‘झाले का, बाई?’’ लग्नघरातल्या आचाऱ्याला विचारावं तसं.

एकेका अंकाची किंमत आता तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेली आहे. पन्नास अंक घ्यायचे तर पंधरा-वीस हजार एका झटक्यात बाहेर पडतात. घरी विकत घेऊन दहा-बारा अंक वाचणारी कुटुंबं गावात पूर्वीही थोडीच होती. आता तर बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळं हे पन्नास अंक दोनशे घरांतून फिरतात. तीन दिवसांत परत करायचा, असा नियम. फेब्रुवारीत अंक हाती घेतला की त्याचा सगळा प्रवास दिसतो. पाककृतीच्या पानावर तेलाचा डाग असतो. शब्दकोडं कुणीतरी पेनानं सोडवलेलं असतं, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी ‘चूक’ असं लिहिलेलं असतं. वार्षिक राशिभविष्याचं पान तर सहसा जागेवर नसतंच. बाई म्हणतात, ‘‘ज्यानं फाडलं त्याचं भविष्य मी सांगते.’’ कवितांची पानं मात्र मार्चमध्येसुद्धा कोरी करकरीत असतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आपलं एक निरीक्षण.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचा किल्ला असतो. गल्लोगल्ली माती कालवली जाते, अळीव पेरले जातात, मावळे मांडले जातात. वाचनालयानं किल्ल्यांची स्पर्धा ठेवली, त्यात नवीन काही नाही. तशी ती तरुण मंडळंही ठेवतात. पण बाईंनी त्यात एक अट घातली. जो किल्ला कराल, त्याच्याविषयी वाचनालयात येऊन वाचायचं आणि एक पान माहिती स्वतःच्या अक्षरात लिहून किल्ल्याशेजारी लावायची. वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा मोबाइलवरून काढलेली छापील प्रत चालणार नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा पोरं कुरकुरत आली. आता सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी संदर्भ विभागात जागा नसते. वाद होतात. एकानं रायगडाच्या टकमक टोकाची उंची ठोकून दिली होती, ती दुसऱ्यानं पुस्तक उघडून खोडून काढली. एका मुलीनं जंजिरा केला. पाण्यातला किल्ला म्हणून परात घेतली होती. बघायला आलेल्यांपैकी एकानं विचारलं, ‘‘हा तर सिद्दीचा. महाराजांचा एखादा करायचा की.’’ तिनं आपल्या कागदावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही, आणि तो का जिंकता आला नाही याची तीन कारणंही लिहिली होती. परीक्षकांत मी होतो. तिला दुसरा क्रमांक दिला. पहिला सिंधुदुर्गाला गेला, कारण त्या पोरानं तटाला खरोखरची शिंपल्यांची पूड लावली होती.

व्याख्यानमालेविषयी थोडक्यात सांगतो. डिसेंबरात तीन दिवस असते. वक्ता पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येतो, शाल-नारळ होतो, मी आभार मानतो. थंडीमुळं मागच्या रांगेतले लोक मफलर डोक्यावरून घेऊन बसतात. त्यामुळं कोण ऐकतंय आणि कोण झोपलंय हे व्यासपीठावरून कळत नाही. वक्त्याच्या दृष्टीनं हे बरंच म्हणायचं.

जानेवारीत १४ ते २८ तारखेपर्यंत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. तेव्हा ग्रंथदिंडी निघते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतरच्या जानेवारीत दिंडीला गर्दी जास्त होती. मात्र अभिजात भाषा वाचणारं पुढचं पिढीचं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न दिंडीत कुणाला पडत नाही. वाचनालयात तो रोज पडतो.

तो सगळ्यांत लख्ख दिसतो नाताळच्या सुट्टीत. इंग्रजी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. आजोबा नातवाला हाताला धरून घेऊन येतात. मुलं चुणचुणीत, मराठी झकास बोलतात. पण गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की जोडाक्षरापाशी गाडी अडते. ‘वाङ्मय’ तर सोडाच, ‘उद्ध्वस्त’पाशी उद्ध्वस्त होतात. या मुलांसाठी बाईंनी नाताळात प्रकट वाचनाचा तास सुरू केला. रोज संध्याकाळी पाच ते सहा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अडलं तर कुणी हसायचं नाही. मला त्या तासाला बसायला आवडतं. कारण मीही असाच अडखळत आलो. आमच्या घरात दखनी बोलत. शाळा मराठी, खेळ मराठी, पण ‘ळ’ आणि ‘ण’ घरात कुणाच्या तोंडी नव्हते. ते मी याच वाचनालयात मिळवले. अनामत भरायला पैसे नसत, म्हणून घरी पुस्तक नेता येत नसे. वर्तमानपत्रांच्या मोफत वाचनकक्षात मात्र कुणालाही बसता येई. तिथं म्हाताऱ्यांच्या मधे बसून मी अग्रलेख ओठ हलवत वाचायचो. अग्रलेखातलं काही कळत नव्हतं. पण ‘ळ’ आला.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे, त्या गोष्टीकडं येतो.

हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि आणखी कुठकुठून ऊसतोडणी मजूर आमच्या भागात येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. बरोबर मुलं असतात. गावी आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह असेल तर काही मागं राहतात; बाकीची इथं कारखान्याच्या गाडीतळावर कोप्यांतून राहतात. पूर्वी काही ठिकाणी साखरशाळा होत्या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घालायचं ठरलं. कागदावर ते योग्यच आहे. पण आई-बाप पहाटे फडात गेले की धाकट्याला कुणी सांभाळायचं आणि भाकरी कुणी टाकायची? ते काम दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडं येतं. तिच्यासाठी शाळा जवळची असली तरी लांबच.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अशाच दोघी बहिणी प्रकट वाचनाच्या तासाला दारात येऊन उभ्या राहिल्या. कडेवर लहान भाऊ. बाईंनी आत बोलावलं. थोरलीला वाचायला दिलं. ती ‘उद्ध्वस्त’पाशी अडली. शेजारी बसलेला इंग्रजी शाळेतला मुलगा आदल्या दिवशी तिथंच अडला होता, त्यानं तिला तो शब्द सांगितला. तास संपल्यावर तिनं विचारलं, ‘‘पुस्तक घरी नेता येतं का?’’

हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत दीड तास चालला. आमच्या नियमाप्रमाणे सभासद व्हायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो, अनामत लागते आणि गावातल्या एका सभासदाची हमी लागते. या मुलींचा पत्ता काय? गाडीतळ. आणि मार्चमध्ये पट्टा पडला की एका रात्रीत तळ रिकामा. आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘पुस्तक ही संस्थेची मालमत्ता आहे. लेखापरीक्षणात उत्तर आपल्याला द्यायचंय.’’ ते चुकीचं बोलत नव्हते. अनुदान दोन हप्त्यांत येतं, तेही वेळेवर येईलच असं नाही. बाईंचा पगार किती आहे हे मी इथं सांगत नाही. सांगितला तर त्यांनाच संकोच वाटेल. अभ्यासिकेत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या फीवर आमचं वीजबिल भागतं. अशा संस्थेनं शंभर पुस्तकं परत न येण्याच्या तयारीनं बाहेर पाठवायची का?

मी त्या बैठकीत फारसं बोललो नाही. एवढंच म्हणालो की शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. आणि महाराष्ट्राचा १९६७ चा कायदाही ‘सार्वजनिक’ हाच शब्द वापरतो. त्या शब्दात गाडीतळ येतो की नाही, एवढं आपण ठरवू. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘कवी महाशय, शब्दावर नका जाऊ, हमी कोण घेणार ते सांगा.’’ शेवटी हमी बाईंनीच घेतली, स्वतःच्या नावावर. मग दोघातिघांनी हात वर केले. ज्येष्ठ सदस्यांनी घरची एक लोखंडी ट्रंक पाठवून दिली. विरोधाची नोंद मात्र इतिवृत्तात कायम ठेवायला लावली.

तेव्हापासून दर गुरुवारी, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी, शिपाईमामांच्या मोटारसायकलवर ट्रंक बांधून आम्ही तळावर जातो. दुपारी चारची वेळ बरी. भाकऱ्यांना अजून अवकाश असतो. रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यात बाई मुकादमाचं नाव आणि मूळ गाव लिहितात. पहिल्या आठवड्यात मुलं पुस्तकाला हात लावायलाही बिचकत होती, खराब होईल म्हणून. काही घरांत गोरमाटी बोलतात. त्या मुलांना मराठी पुस्तकातली गोष्ट त्यांच्याच बोलीत एखादी थोरली मुलगी सांगते, आणि ती सांगत असताना आम्ही गप्प बसतो. आया अंधार पडताना उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन परततात. एकीनं मला विचारलं, ‘‘चाचा, याचे पैसे कापून घेत्यात का उचलीतनं?’’ नाही म्हणून सांगितलं. तिला खरं वाटलं नसावं. पुढच्या गुरुवारी मुकादमाला विचारून तिनं खात्री करून घेतली.

मध्यंतरी नाताळात काही पालकांनी कुरबुर केली, तळावरच्या मुलांबरोबर आमची मुलं बसतात म्हणून. दोन मुलं तासाला यायची बंद झाली. त्यांतला एक चार दिवसांनी आजोबांना न सांगता सायकलवरून आला. त्याला गोष्टीचा पुढचा भाग हवा होता.

पहिल्या हंगामात एकशे वीस पुस्तकं गेली, सतरा परत आली नाहीत. दुसऱ्या वर्षी अकरा. ती ‘गहाळ’ म्हणून दाखवली, त्यांचे पैसे भरले, लेखापरीक्षकांनी शेरा मारला. आमच्या नेहमीच्या सभासदांकडं, पत्ता, अनामत आणि हमी असलेल्यांकडं, किती पुस्तकं अडकली आहेत हा आकडा बाईंनी त्याच सभेत वाचून दाखवला. तो याहून बराच मोठा होता. त्यावर चहा आला.

यंदाच्या ट्रंकेची यादी सध्या चालू आहे. जुनी चित्रांची पुस्तकं आहेतच. किशोरवयीन मुलींसाठी थोडी शरीर-आरोग्याची हवीत, असं बाईंचं म्हणणं. ती त्या स्वतः निवडणार आहेत. गेल्या वर्षीचे शिवण घातलेले दिवाळी अंक जाणार आहेत, राशिभविष्याविना. आणि एका मुलानं मार्चमध्ये जाताना बिबट्याचं पुस्तक सांगून ठेवलं आहे. फडात ऊस तोडताना त्याच्या बापाला बिबट्याची पिल्लं दिसली होती. वाघाची पुस्तकं आमच्याकडं चार आहेत, पण त्याला वाघ नको, बिबट्याच हवा. मुलांना वाचता येईल असं मराठीतलं चांगलं पुस्तक मी पुण्याच्या दुकानात सांगून ठेवलं आहे. ते आलं की ट्रंक बंद करायची.