व्हेनिस नगरीतील मुक्काम

युरोपच्या प्रवासाला निघालेल्या मनुष्याच्या टिपणवहीत व्हेनिसचे नाव बहुधा असतेच. परंतु त्या नावापुढे किती वेळ मांडलेला असतो हे पाहिले म्हणजे खेद वाटतो. सकाळी दहाच्या सुमारास आगगाडीतून उतरावयाचे, लोंढ्याबरोबर सेंट मार्कच्या चौकापर्यंत जावयाचे, छायाचित्रे काढावयाची आणि दिवेलागणीच्या आत परत फिरावयाचे, असा क्रम ठरून गेला आहे. असा प्रवासी घरी येऊन सांगतो की, व्हेनिस म्हणजे गर्दी आणि महागाई. त्याचे म्हणणे खोटे नाही; जे पाहिले तेच तो सांगतो. परंतु ज्याला ते शहर खरोखर पाहावयाचे असेल त्याने तेथे निदान दोन रात्री तरी काढाव्यात. याचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीचे नव्हे, हे पुढे दिसेलच.

व्हेनिस शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे आणि त्यांना जोडणारे पूल चारशेंच्या वर आहेत. १८४६ साली खाजणावरून आगगाडीचा पूल झाला, १९३३ साली मोटारींचा. पण मोटार शहराच्या वेशीशीच थांबते. आत घोडा नाही, मोटार नाही. सायकलसुद्धा चालविता येत नाही. पुलांना पायऱ्या असल्यामुळे चाकांची मोठी पेटी घेऊन आलेल्याचे फार हाल होतात. एका खांद्यावर मावेल एवढेच सामान ज्याने आणले तो सुखी. उतरण्याची जागा ठरविताना ‘अंतर किती’ एवढेच न विचारता ‘वाटेत पूल किती’ हे आधी विचारावे.

पाण्यावरून जाण्यासाठी ‘व्हापोरेत्तो’ नावाच्या सार्वजनिक बोटी आहेत. त्यांचे एका खेपेचे तिकीट आपल्या हिशेबाने फारच महाग पडते. तेव्हा एक-दोन दिवसांचा पास घ्यावा आणि चढण्यापूर्वी तो यंत्राला लावण्यास विसरू नये. पहिल्या क्रमांकाची बोट ग्रँड कॅनालमधून सावकाश, धक्क्याधक्क्याला थांबत जाते. संध्याकाळी तिच्यातून एकदा गेले की जुन्या सावकारांचे वाडे दोन्ही बाजूंनी पाहून होतात. गोंडोलाचा अधिकृत दर नावेचा असतो, माणशी नसतो. तो आधी विचारून घ्यावा. आणि गोंडोलात बसण्याची केवळ हौसच फेडावयाची असेल, तर ग्रँड कॅनालच्या पलीकडे उतरवून देणारी साधी तर आहे. ‘त्रागेत्तो’ म्हणतात तिला. दोन-तीन मिनिटांत ती पैलतीराला लावते, आणि गावचे लोक तिच्यात उभ्यानेच जातात.

पत्ता शोधणे हे मात्र दिव्य आहे. शहराचे सहा विभाग असून घरांचे क्रमांक रस्त्यावार नसतात, विभागवार असतात. कास्तेल्लो विभागात ते सहा हजारांच्या पुढे गेलेले आहेत. तेव्हा नुसत्या क्रमांकावरून घर सापडत नाही. गल्लीचे किंवा जवळच्या देवळाचे नाव बरोबर हवे. भिंतींवरील पिवळ्या पाट्या रिआल्टो पूल, सेंट मार्क आणि रेल्वे स्टेशन या तीन ठिकाणांकडे बोट दाखवितात. थोडा वेळ त्या पाट्यांकडे पाठ फिरवावी. गल्लीच्या नावात ‘रिओ तेरा’ हे शब्द दिसले तर समजावे की तेथे पूर्वी कालवा होता आणि तो बुजविलेला आहे. लहान चौकात, म्हणजे ‘कांपो’त, मध्यभागी दगडी विहीर दिसते. ती खरी विहीर नव्हे. पावसाचे पाणी फरसबंदीतून वाळूच्या थरांत गाळून खाली साठविण्याचे ते टाके होय. चहूकडे खारे पाणी असलेल्या या नगरीने कित्येक शतके अशा टाक्यांवर तहान भागविली. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळ आले. आज चौकांतील सार्वजनिक नळाचे पाणी खुशाल प्यावे, विकतच्या बाटलीचे कारण नाही.

शाकाहारी मनुष्याला एक सूचना. ‘बिगोली इन साल्सा’ नावाच्या शेवयांवर नुसता कांदा दिसतो, परंतु त्या रश्शात खारविलेले मासे विरघळविलेले असतात. तांदळाची ‘रिसोत्तो’ही पुष्कळदा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवितात. विचारावे, लाजू नये. कॉफी उभ्याने घेतली तर एक दर, खुर्चीवर बसून घेतली तर दुसरा. आणि सेंट मार्कच्या चौकात वाद्यवृंद चालू असेल तर तिसरा. त्या चौकात कबुतरांना दाणे टाकण्यास २००८ पासून बंदी आहे, आणि पायऱ्यांवर बसून फराळ करणाऱ्यास दंड होतो.

आता त्या दोन रात्रींविषयी. १९५१ साली या बेटांवरील वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली गेली. रिआल्टोजवळील एका औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून हा आकडा लावून ठेवलेला आहे. जाणारायेणाराने तो वाचावा. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटर चढले, तेव्हा तळमजल्यावरील हजारो लोक बेघर झाले. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते पुन्हा १८७ पर्यंत आले. त्यावर उपाय झाला. खाजणाच्या तिन्ही मुखांशी समुद्राच्या तळावर ७८ पोलादी दारे आडवी ठेविली आहेत. मोठी भरती येणार असे कळले की त्यांत हवा भरतात, आतील पाणी बाहेर जाते आणि दारे आपोआप उभी राहतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ती खऱ्या भरतीसमोर प्रथम उभी राहिली आणि शहर कोरडे राहिले. असे असूनही माणसे जातच आहेत. जी खोली प्रवाशाला दिली असता चार दिवसांत भाडे फिटते, ती शाळेतल्या शिक्षकाला किंवा दवाखान्यातील परिचारिकेला वर्षभरासाठी कोण देईल? पावाचे दुकान जाते आणि त्या जागी मुखवट्यांचे दुकान येते.

यावर कोणी म्हणेल, मग तेथे राहून आपणही त्याच दोषात भर घालावयाची काय? आक्षेप रास्त आहे. रहिवाशांचे बिऱ्हाड रिकामे करून भाड्याने दिलेले अख्खे घर प्रवाशाने घेऊ नये. खानावळवजा लहान हॉटेलात उतरावे. कित्येक मठांतूनही आपल्याकडील धर्मशाळांप्रमाणे पाहुण्यांना स्वच्छ खोल्या मिळतात. मात्र रात्री दार लवकर बंद होते. दिवसभर येऊन जाणारा प्रवासी शहराला गर्दी देतो आणि फारसे काही ठेवून जात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी अशा प्रवाशाकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. रात्री राहणारास ते माफ आहे. तो आपला कर हॉटेलातच भरतो. पण सवलतीची नोंद आधी करावी लागते.

संध्याकाळी बाहेरगावचे लोक परतले की गल्ल्या मोकळ्या होतात. चौकांत मुले चेंडू खेळतात, म्हाताऱ्या बायका बाकांवर बसून गप्पा मारतात, आणि एवढ्या मोठ्या शहरात केवळ पावलांचा आवाज ऐकू येतो. सकाळी लवकर उठून रिआल्टोच्या भाजीबाजारात जावे. तेथे अजून घरची पिशवी घेऊन येणारी गिऱ्हाईके भेटतात.

जमल्यास २१ नोव्हेंबरचा दिवस साधावा. १६३० सालच्या प्लेगात शहर ओस पडू लागले, तेव्हा सांता मारिया देल्ला सालूते हे मंदिर बांधण्याचा नवस केला गेला. मंदिराखाली मऊ चिखलात लाकडी मेखा ठोकलेल्या आहेत. चिखलात हवा शिरत नसल्याने लाकूड फार सावकाश कुजते. पुण्या-मुंबईच्या लोकांना प्लेग ठाऊक आहे आणि ‘क्वारंटीन’ हा शब्दही. त्या शब्दाचे मूळ याच नगरीच्या बोलीत, जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवण्याच्या रिवाजात आहे. त्या दिवशी ग्रँड कॅनालवर तात्पुरता पूल उभारतात आणि मुख्य भूमीवर बिऱ्हाड करून राहिलेली कुटुंबेदेखील मुलांचे हात धरून मेणबत्ती लावण्यास परत येतात. परक्याने रांगेत उभे राहण्यास हरकत नसते. खांदे झाकलेले असावेत आणि छायाचित्राचे यंत्र खिशात. नोव्हेंबरात पाणी चढण्याचा संभव असतो, तेव्हा रबरी बूट जवळ असू द्यावेत.