नाडी न पाहता केलेले दावे

भौतिकोपचाराच्या वर्षभरातील वाटचालीचा आढावा छापील अहवालात आलेलाच आहे. तो तेथेच ठेवून या अध्यक्षीय व्यासपीठावरून एकच गोष्ट मांडणे भाग आहे. ‘रक्ताभिसरण सुधारते’ हे वाक्य व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकावर वर्षानुवर्षे छापले जाते, आणि ते छापणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी उपचारापूर्वी रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवलेली असतात.

रक्तप्रवाह नळाच्या धारेसारखा एकसारखा वाहत नाही. हृदयाच्या ठोक्याची एक लय, श्वास घेताना ठोके जलद व सोडताना मंद होण्याची दुसरी, आणि साधारण दर दहा सेकंदांनी उठणारी रक्तदाबाची संथ लाट, जिला तिचे वर्णन 1876 साली करणाऱ्या झिग्मुंड मायर यांच्या नावाने मायर-लहर म्हणतात, अशा अनेक लयी त्यात एकत्र नांदतात. श्वसन मिनिटाला सहाच्या आसपास आणले की शेवटच्या दोन लयी जुळून येतात आणि ठोक्यांतील चढउतार ठळक होतो, एवढे येथे पुरे.

श्वासाचा रक्तप्रवाहावरील हा ताबा एका जुन्या तपासणीतही दिसला. हृदय थांबवून दाखवण्याच्या योगसाधकांच्या दाव्याची तपासणी वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी केली, तिचा काही भाग याच चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, 1957 साली झाला, टी. कृष्णमाचार्य हे त्यातील एक साधक. 1961 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की मनगटाची नाडी लागेनाशी झाली तरी विद्युत्-हृदयालेखात हृदयाचे काम चालूच होते. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळल्याने छातीतील दाब वाढतो आणि शिरांमधून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, हे त्यामागचे कारण. साधकांचा यात काहीच कमीपणा नाही. परतीचे रक्त स्नायू आणि श्वास यांच्या हाती किती आहे, हे त्यांनी यंत्रासमोर दाखवून दिले, आणि नेमका हाच धडा व्यवसायाने घेतला नाही.

मसाजाने हातापायांतील प्रवाह वाढतो की नाही, या वादावर सहकाऱ्यांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. शूमेकर, टीडस आणि मेडर यांनी 1997 साली डॉप्लर ध्वनिलहरींनी मोजले, तेव्हा मसाजाने धमनीतील प्रवाहात लक्षणीय फरक पडला नाही, तो हलक्या व्यायामाने मात्र पडला. ज्यांना हे पटत नाही त्यांनी टी. नगरातील साडीच्या दुकानात दिवसभर उभ्याने घड्या उलगडणाऱ्या विक्रेत्याची हकिकत ऐकावी. त्याच्या घोट्यांची सूज उतरावी म्हणून नामांकित हातांनी आठवडेच्या आठवडे मर्दन केले. सूज सकाळी उतरे, संध्याकाळी मोज्याच्या कडेचा वळ पुन्हा तेवढाच खोल दिसे. प्रस्तुत अध्यक्षांनी त्याला गिऱ्हाइकागणिक काउंटरमागे टाचा उचलायला लावल्या आणि महिन्याभरात वळ दिसेनासा झाला. निश्चल उभे असताना घोट्याच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरांच्या आसपास असतो, चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि तो दाब तिशीच्या खाली येऊ शकतो. वाद येथेच मिटायला हवा.

न मोजता केलेला आणखी एक दावा कवटीचा. तिची स्वतंत्र लय बोटांना जाणवते, असे मानणाऱ्यांशी भांडण जुने आहे. एका कार्यशाळेत एकाच मस्तकावर पाठोपाठ हात ठेवून दोन ज्येष्ठांनी त्या लयीचे दोन वेगळे आकडे सांगितले आणि दोघेही ठाम राहिले, यापलीकडे त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. तरीही स्पर्शाने वेदना हलकी होते, रुग्ण धीर धरतो, श्वास संथ होतो. हे फळ लहान नाही, मग त्याला रक्ताभिसरणाचे उसने नाव कशाला?

पुढील वर्षी प्रत्येक सभासदाने उपचारापूर्वी व नंतर नाडी, श्वसनगती आणि घोट्याचा घेर नोंदवावा, अशी सूचना आहे. नोंदवहीचा नमुना कोणी करायचा आणि खर्च कोठून आणायचा, याचा विचार कार्यकारिणीने यथावकाश करावा. माहितीपत्रकातील ते वाक्य मात्र आजच खोडायला हरकत नाही.