हात मोडला, आता पुढं काय?
(प्रभागसंघाच्या ब्रह्मपुरी येथील मासिक सभेत केलेलं बोलणं)

रोवणीचे दिवस आले. पहाटे स्वयंपाक उरकायचा, डबा बांधायचा आणि पिकअपमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्यानं जायचं. जाऊ नका म्हणायला मी आले नाही, मजुरी सोडून कसं चालेल? पण गाडी उलटली आणि हात मोडला तर काय, ते आज बोलू.

हाड मोडणं, निखळणं, अगदी दात तुटणंसुद्धा कायद्यानं 'गंभीर दुखापत' आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तसं लिहिलेलं आहे. म्हणून गाडीमालक पाच हजार हातावर ठेवून "पोलिसात कायले जाता?" म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. प्लास्टर निघाल्यावरही हातात जोर यायला वेळ लागतो. तोवर निंदण गेलं, कापणीही जाते. त्याचा हिशेब पाच हजारात बसतो का, तुम्हीच सांगा.

त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. आधी हाडवैद्याची पट्टी बांधली, की एक्सरे राहतो आणि नोंदही राहते. डॉक्टरला नुसतं "पडली" सांगू नका. कोणती गाडी, कुठं उलटली, ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पोलिसात तक्रार द्या, एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. औषधाची चिठ्ठीही फेकू नका.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. अपघात परजिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो. "मी तर घरीच असते, माझी कसली कमाई?" असं म्हणू नका. घरकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न धरूनच भरपाई काढायची, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2021 च्या निकालात सांगितलं आहे. धडक देऊन गाडी पळाली, सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात.

आता कडू गोष्ट. मालवाहू गाडीत किंवा ट्रॉलीत बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी सहसा घेत नाही. सुप्रीम कोर्टाचेही तसे निकाल आहेत. मग पैसे मालकाकडून वसूल करायचे, आणि मालकाकडेच नसले तर कागदावरचा हुकूम घेऊन बसायचं. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात हळदीच्या कामाला निघालेल्या सात बाया ट्रॅक्टरसकट विहिरीत गेल्या, आठवतं ना? रोवणीचा हुंडा ठरवता, तेव्हाच माणसांची गाडी मागा. एकटीचं कोण ऐकतं, गटानं मागा.

बँकेतला 20 रुपयांचा विमा नुसत्या फॅक्चरला मिळत नाही, त्याला कायमचं अपंगत्व लागतं. रानडुकरानं पाडलं तर दावा वेगळा, तो वनविभागाकडे. तिथं त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा करून घ्या.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विचारा, नाहीतर 15100 वर फोन लावा.