अठरा पुरी झाली, आता जा!

(युवक शिबिरातलं भाषण)



मी गोदीतला कामगार. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज बालगृहातून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींविषयी बोलायचं आहे. कुणाचे आईबाप मेले, कुणाला टाकून दिलं, कुणी स्टेशनवर सापडलं. सरकार त्यांना डोंगरीला, मानखुर्दला, गावोगावच्या संस्थांत ठेवतं. जेवू घालतं, शाळेत धाडतं. आणि एका दिवशी सांगतं, अठरा पुरी झाली, आता जा.

ही अठरा मोजतं कोण? शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, अशा पोराचं वय हाडांच्या तपासणीवरून ठरतं. बाल न्याय कायद्याचं ९४ वं कलम तसं सांगतं. डॉक्टर एक्स-रे बघून अंदाज करतो, समिती तो लिहून घेते आणि कायद्यापुरतं तेच खरं वय. अंदाज वर्ष-दोन वर्षं चुकू शकतो. तरी त्याच अंदाजानं एक दिवस खाट रिकामी करायची.

आपल्या वस्तीत पंचविशीचा गडी आईच्या हातची भाकरी खातो. काम सुटलं तर परत त्याच दहा बाय दहाच्या खोलीत येऊन पडतो. त्याला कुणी अठराव्या वर्षी हाकलत नाही. मग ज्याला परत जायला खोलीच नाही, त्यालाच ही घाई का?

कायद्यात काहीच नाही असं नाही. २०१५ च्या कायद्याचं ४६ वं कलम म्हणतं, अशा मुलाला आर्थिक साहाय्य देता येईल. 'देता येईल'! 'दिलंच पाहिजे' असं नाही. २०१६ च्या केंद्राच्या नमुना नियमांत तर पुष्कळ आहे. सहा ते आठ जणांना मिळून तात्पुरतं घर. धंदेशिक्षण चालू असताना विद्यावेतन. धंद्यासाठी कर्ज. एकवीस वर्षांपर्यंत मदत, अडचण असेल तर आणखी दोन वर्षं. बाहेर पडायच्या दोन महिने आधी अधिकाऱ्यानं त्याची योजना करून समितीपुढे ठेवायची. सरकारी भाषेत याला अनुरक्षण म्हणतात. पण त्याला समितीचा हुकूम लागतो. आणि असा हुकूम मागता येतो हे त्या पोराला सांगायचं कुणी? बाप असता तर कचेरीत खेटे घातले असते.

२०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये आहेत. मुंबईत त्यात खोली मिळत नाही. कॉट बेसिसवर एक खाट, खानावळ, लोकलचा पास, की झालं. खोली बघायला गेलं तर डिपॉझिट पाहिजे, ओळखीचा माणूस पाहिजे. घरमालक विचारतो, आडनाव काय, गाव कुठलं, घरी कोण? हे सवाल आपल्याला नवे नाहीत. आपलं आडनाव ऐकून दार लावतात. त्याला सांगायला गाव नाही म्हणून लावतात.

मग तो नाक्यावर येतो. मुकादमाला असा गडी फार सोयीचा. डबल पाळी कर म्हटलं तरी घरी वाट बघणारं कुणी नाही. अंगावर माल पडला तर कळवायचं कुणाला, तो रकाना कोरा. आणि पोरीचं काय? तिच्यासाठी पुष्कळदा एकच तोडगा निघतो, लग्न लावून द्या. तिला शिकायचंय का, कमवायचंय का, हे नंतर!

२०१८ साली महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण मिळालं. ते पाहिजेच. पण परीक्षेचा अभ्यास फलाटावर होत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडलं. शिकायचं तर राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे आपल्या चळवळीला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. तेव्हा हा सवाल दुसऱ्या कुणाचा म्हणून सोडून देऊ नका.

आपण मागायचं ते एवढं. 'देता येईल' खोडा, 'दिलंच पाहिजे' लिहा. प्रत्येक जिल्ह्यात पोरांसाठी आणि पोरींसाठी सहा-आठ जणांची घरं उघडा. अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँकेचं पुस्तक, शाळेचा दाखला हातात पडल्याशिवाय कुणाला दाराबाहेर काढू नका. राहायची सोय लेखी दाखवा, मगच नाव कमी करा.

आणि मोर्चा निघेपर्यंत हात बांधून बसू नका. आपल्या भागात बालगृह कुठे आहे ते शोधा. या वर्षी अठरा कुणाची भरतात ते विचारा. समितीकडे अर्ज लिहायला त्याच्याबरोबर बसा, कचेरीत त्याच्याबरोबर जा. पहिल्या महिन्यात तो कुठे झोपतो, काय खातो, एवढी तरी खबर ठेवा.

जय भीम.