नव्या हाती मोटार आणि विम्याचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्यातल्या पाचसहा जणी कोपऱ्यात बसून मोटारीच्या गोष्टी करीत होत्या. त्यातून हा विषय निघाला आणि चिटणीसबाईंनी तो माझ्या गळ्यात घातला. मी स्वतः वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मोटार चालवायला शिकले. त्यामुळे नवशिकेपणाची धडधड अजून आठवते. विम्याचे ज्ञान मात्र ठेच लागल्यावर आलेले आहे, हे आधीच कबूल करते.

त्या दिवशी एका भगिनीने विचारले होते, "माझी भाची इंग्लंडात असते. तिने परवाना काढला, पण पहिल्या वर्षाच्या विम्याचा आकडा ऐकून मोटार घेण्याचा बेतच रद्द केला. आपल्याकडेही नव्या माणसाला विमा असाच महाग पडतो का?"

इंग्लंडात विमा कंपनी आधी चालवणाऱ्याची चौकशी करते. वय काय, परवाना कधी मिळाला, राहता कुठे, मोटार रात्री कुठे उभी असते, हे सारे विचारून मग हप्ता ठरतो. अठरा वर्षांच्या नव्या चालकाला वडिलांच्या कितीतरी पट हप्ता पडतो. घेतलेली मोटार जुनी असेल तर हप्ता तिच्या किमतीच्या जवळ जातो. कारण उघड आहे. नव्या व तरुण हातून अपघात जास्त होतात आणि ते मोठे असतात. एके काळी तिथे मुलींना मुलांपेक्षा कमी हप्ता पडे, कारण मुलींचे अपघात कमी! पण युरोपच्या न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी निकाल दिला की स्त्रीपुरुष असा भेद करून हप्ता ठरवू नये, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ती सवलत गेली. समानता आली ती अशी, मुलींच्या पदरात जास्त हप्ता टाकून. आता तिथली कित्येक तरुण मंडळी मोटारीत एक यंत्राची पेटी बसवून घेतात. ती वेग, ब्रेक, रात्रीचे फिरणे सारे टिपून ठेवते आणि नीट चालवणाऱ्याचा हप्ता उतरतो. काही आईबाप मात्र मुलाची मोटार आपणच चालवतो असे सांगून विमा स्वतःच्या नावे घेतात. ती तिथे फसवणूक धरतात आणि अपघात झाल्यावर भरपाई नाकारली जाऊ शकते.

आपल्याकडे विमा मोटारीचा असतो. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर द्यायच्या भरपाईचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३४१६ आणि त्यापुढे ७८९७, कर वेगळा. चालवणारी बाई काल शिकलेली असो की तीस वर्षांची मुरलेली, आकडा तोच. नवी मोटार घेताना हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून तसा नियम आहे, म्हणून पहिल्या दिवशी रक्कम मोठी दिसते. आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा निराळा. तो मुख्यतः मोटारीची किंमत, तिचे वय, इंजिन आणि गाव यांवर ठरतो. मुंबईपुण्याला थोडा जास्त.

हे ऐकून मलाही हायसे वाटले होते. पण नवशिकेपणाची किंमत आपल्याकडेही द्यावी लागते, फक्त ती पावतीवर छापलेली नसते.

शिकाऊ परवान्याची गोष्ट पटकन सांगते. शिकाऊ असताना शेजारी पक्का परवाना असलेला, मोटार थांबवता येईल असा माणूस बसलेला हवा आणि पुढेमागे पांढऱ्यावर लाल "एल" हवा. हे नसताना धडक झाली तर कंपनीला हात वर करायला कारण मिळते. "जरा कोपऱ्यावरून दूध आणते" म्हणून एकटीने निघू नये.

आता माझी ठेच. परवाना मिळून तीन आठवडे झाले होते. सोसायटीच्या फाटकातून वळताना खांब जवळ आला, म्हणजे मीच त्याच्याजवळ गेले, आणि पुढचा बंपर फुटला. पाच हजारांचे काम. विमा आहे तर वापरू, म्हणून मी उत्साहाने क्लेम केला. प्लॅस्टिकच्या वस्तूची निम्मी किंमत झीज म्हणून वजा झाली, वर एक हजार आपण सोसायचे असतात, ते गेले. हाती आले दीड हजार. पण ज्या वर्षी क्लेम नसेल त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५०. आमची ३५ वर आली होती, त्या वर्षानंतर ४५ झाली असती. सोयीसाठी तो हप्ता दहा हजार धरा. दीड हजारांसाठी मी साडेचार हजारांची सूट घालवली, आणि पुन्हा वीसपासून चढायचे ते वेगळेच. यजमान काही बोलले नाहीत. हिशेबाचा कागद मात्र फ्रिजवर चिकटवून ठेवला!

तो कागद वाचतानाच मला दुसरी गोष्ट दिसली, आणि खरे म्हणजे तीच सांगायला मी उभी आहे. ती सूट मोटारीची नसते, मालकाची असते. मोटार यजमानांच्या नावावर. मी दहा वर्षे ओरखडा न काढता चालवली तरी ५० टक्क्यांची पुण्याई त्यांच्या खात्यावर. उद्या मी माझ्या नावाने मोटार घेतली तर कंपनीच्या लेखी मी शून्यावर. मालकाच्या पश्चात मोटार पत्नीकडे आली तर ती सूट तिच्याकडे येते. पण ज्या प्रसंगात ती मिळते तो प्रसंग कुणाला हवा?

याहून महत्त्वाचे पुढे आहे. मालक स्वतः चालवताना दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला तर पंधरा लाखांपर्यंतचा अपघात विमा असतो. त्याच्या अटी मी भिंगाने वाचल्या. चालवणारी व्यक्ती नोंदणीतली मालक हवी, पॉलिसीत तिचेच नाव हवे आणि तिच्याकडे चालू परवाना हवा. मुलांना शाळेत सोडणारी, सासूबाईंना दवाखान्यात नेणारी, रोज चाक हाती धरणारी मी त्या अटींत बसत नव्हते. असे प्रश्न कोर्टापर्यंत गेलेले आहेत; पण दुःखाच्या वेळी घरच्यांनी कोर्टाची पायरी चढावी, यापेक्षा आधीच दोन प्रश्न विचारणे बरे. मोटारीत बसणाऱ्यांसाठी, नावानिशी किंवा नावाशिवाय, अपघात विमा थोड्या जादा हप्त्यात जोडता येतो. तो जोडलेला आहे का, आणि चालवणारी घरची बाई त्यात धरली आहे का, हे एजंटाकडून तोंडी नको, लेखी घ्या. पुढची मोटार घेताना ती जास्त कोण चालवणार हे पाहून नाव घाला. आमच्याकडे या प्रश्नावर दोन दिवस चहा जरा थंडच प्यायला गेला. पण मार्चमध्ये नवी मोटार आली ती माझ्या नावावर. सूट अर्थातच शून्य.

चिटणीसबाईंच्या सूचनेप्रमाणे काही जणींनी पॉलिसीचे कागद बरोबर आणले आहेत. चहानंतर मी ग्रंथालयाच्या टेबलाशी बसेन. भिंग आणले आहे.