कचऱ्या वल्द धोंड्या
(मोर्शी येथील भाषण)



इतिहास कुठं शोधावा, असं मोर्शीच्या पोट्ट्यांनी मले विचारलं. मी म्हणतो, कचेरीच्या दफ्तरात शोधा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. दफ्तरं वाढली. त्यात पाटलाच्या नावामागं 'राव', अन् आपल्या आज्याचं नुसतं 'कचऱ्या वल्द धोंड्या'. आजी तर 'जौजे' अमक्याची, बस! आडनाव नाही, पण जात ठळक. पत्ता? महारवाडा.

अमेरिकेत निराळं नव्हतं. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची वेगळी यादी. मालकाचं नाव पुरं, खाली गुलामाचं वय, लिंग, रंग. नाव बहुधा नाहीच. ती माणसं नावानिशी मोजली गेली १८७० साली.

आता गंमत पहा. ज्या ओळीनं आज्याले खाली दाबलं, तीच ओळ नातवाले जात पडताळणीत लागते. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद आणा म्हणतात. म्हणजे अपमानाची नक्कल काढायची, तिकीट लावून!

२०२० साली सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. पाट्या बदला, बदलल्याच पाहिजेत. पण जुना कागद फाटू देऊ नका. तो गुन्ह्याचा पंचनामा आहे, अन् साक्षीदार आपणच. मोडी शिका, नकला काढा. अन् घरच्या वहीत आज्याचं, आजीचं नाव पुरं लिहा. आपल्या हातानं.

जयभीम!