कानपूरच्या डॉक्टरीणबाई

कॅप्टन लक्ष्मी हे नाव उच्चारताच जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर एक छायाचित्र उभे राहते. खाकी गणवेश, डोक्यावर टोपी, आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यासमवेत स्त्री-सैनिकांच्या रांगेची पाहणी करीत चाललेली एक तेजस्वी तरुणी. पाठ्यपुस्तके आणि जयंतीचे विशेषांक यांनी हेच चित्र जतन करून ठेवले आहे. परंतु कानपूरच्या गल्लीबोळांतील बायाबापड्यांना विचारले असते, तर त्यांनी निराळेच चित्र सांगितले असते. साधी साडी, पांढरे झालेले केस, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि समोरच्या बाकावर लेकुरवाळ्यांची गर्दी. गणवेश त्यांच्या अंगावर दोनच वर्षे होता. स्टेथोस्कोप मात्र त्यानंतर सुमारे साठ वर्षे गळ्यात राहिला. ह्या दोन चित्रांचा एकमेकांशी संबंध काय, हे पाहिल्यावाचून त्या आयुष्याची खरी ओळख पटत नाही.

लक्ष्मी स्वामिनाथन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासला झाला. वडील तेथील उच्च न्यायालयातील नामांकित वकील. आई अम्मू स्वामिनाथन राष्ट्रीय चळवळीत वावरणाऱ्या. पुढे त्या घटनासमितीच्या सभासद झाल्या. धाकटी बहीण मृणालिनी हिने नृत्यकलेत कीर्ती मिळविली. घरात कशाची वाण नव्हती. अशा घरातील मुलीला सुखाचे आयुष्य सहज लाभले असते. परंतु तिने वैद्यकाची वाट धरली. १९३८ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर तिने प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग ह्या विषयांचे विशेष शिक्षण घेतले. परपुरुषाने तपासण्यापेक्षा मरण पत्करलेले बरे, असे मानणाऱ्या असंख्य स्त्रिया त्या काळी देशात होत्या. अशा काळी डॉक्टरीण ही सोय नव्हे, कित्येकींच्या बाबतीत ती जगण्याची एकमेव आशा होती.

१९४० साली लक्ष्मी सिंगापूरला गेल्या. तेथे त्यांनी हिंदी मजुरांसाठी दवाखाना काढला. मलायातील रबराच्या मळ्यांत राबणारे हे लोक बहुतांशी तमिळ होते. दारिद्र्य, हिवताप आणि मुकादमांचा जाच ह्यांत त्यांचे आयुष्य सरत होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. इंग्रजांच्या अजिंक्यपणाचा डंका ज्या किल्ल्याच्या नावाने वाजत होता, तो किल्ला शरण गेला आणि हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. जखमींवर उपचार करण्याचे काम तेथील डॉक्टरांवर येऊन पडले. त्या डॉक्टरांत लक्ष्मीही होत्या.

जुलै १९४३ मध्ये नेताजी सिंगापुरी आले. स्त्रियांची एक लढाऊ पलटण उभारण्याचा आपला मनोदय त्यांनी प्रकट केला आणि तिला झाशीच्या राणीचे नाव दिले. तो विचार ऐकून अनेकांनी तोंडात बोट घातले. लक्ष्मींनी मात्र वीसएक स्त्रिया जमविल्या, पुरुष सैनिकांकडून जड रायफली मागून आणल्या आणि नेताजींना मानवंदना देण्याची कवायत त्यांच्याकडून करवून घेतली. नंतर नेताजींनी त्यांना बोलावून नेतृत्वाविषयी विचारले. त्यांनी होकार दिला, चालता दवाखाना बंद केला आणि त्या पलटणीत दाखल झाल्या. डॉ. लक्ष्मी कॅप्टन लक्ष्मी झाल्या, त्या जन्मभरासाठी. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची स्थापना झाली, तेव्हा त्या मंत्रिमंडळातील त्या एकमेव स्त्री होत्या.

येथे महाराष्ट्रीय मनाला एक योग जाणवल्यावाचून राहत नाही. ज्या राणीचे नाव पलटणीने घेतले, तिचे माहेर तांब्यांचे. वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला ब्रह्मावर्ती, म्हणजे बिठूरला, राहिले होते. हे बिठूर कानपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या आयुष्याची सहा दशके त्याच परिसरात जाणार आहेत, हे १९४३ साली सिंगापुरात कवायत करणाऱ्या दुसऱ्या लक्ष्मीला कसे ठाऊक असावे!

पलटणीत सुखवस्तू घरच्या मुली होत्या, तशाच मळ्यांतील मजुरांच्या मुलीही होत्या. ज्या देशासाठी मरावयाचे, तो देश त्यांतील कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. संचलन, नेमबाजी, रात्रीची दौड, सारे शिक्षण त्यांनी घेतले. १९४४ साली त्या ब्रह्मदेशात पोहोचल्या. इंफाळच्या वेढ्यात आघाडीवर जाण्याची त्यांची उत्कंठा होती; पण युद्धाचे फासे उलटे पडले. मुसळधार पावसात सेनेला माघार घ्यावी लागली. उपासमार, हिवताप आणि आमांश यांनी शत्रूच्या गोळ्यांहून कमी बळी घेतले नाहीत. मेम्योच्या इस्पितळात गलितगात्र जवानांची रीघ लागली. ज्या हातांनी बंदूक चालविण्याची प्रतिज्ञा केली होती, त्या हातांनी झाशीच्या राणीच्या ह्या मुलींनी जखमा धुतल्या आणि मरणाऱ्याच्या ओठांना पाणी लावले.

कोणी म्हणेल, म्हणजे ही पलटण लढलीच नाही. आघाडीच्या रणांगणावर ती लढली नाही, हे खरेच आहे. परंतु विजयाच्या आशेवर सैन्यात जाणे सोपे. पराभव दिसू लागल्यावर जखमींना सोडून न जाणे अवघड. सैनिक आणि डॉक्टर ह्या दोघांचाही धर्म येथे एकच होतो. आपली जागा सोडावयाची नाही, हा तो धर्म. कॅप्टन लक्ष्मींनी जागा सोडली नाही. मे १९४५ मध्ये त्या इंग्रजांच्या हाती सापडल्या आणि मार्च १९४६ पर्यंत त्यांना ब्रह्मदेशातच ठेवण्यात आले.

त्या मायदेशी परतल्या, त्या आधीच दिल्लीच्या लाल किल्ल्यातील अभियोगाने सारा देश ढवळून निघाला होता. शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तीन आरोपींपैकी सहगल यांच्याशी लक्ष्मींचा विवाह मार्च १९४७ मध्ये लाहोरला झाला. स्वातंत्र्य आले, पण आझाद हिंद सेनेच्या शिपायांना स्वतंत्र भारताच्या लष्करात पुन्हा घेतले गेले नाही. जयघोष झाले, हार पडले, आणि मग पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. सहगल यांनी कानपूरच्या कापडगिरणीत नोकरी धरली. लक्ष्मींनी पुन्हा दवाखाना उघडला.

ते फाळणीचे दिवस होते. घरदार गमावलेल्या निर्वासितांचे लोंढे कानपूरला येत होते, आणि शहरातील मुसलमान वस्त्या भयाने गोठल्या होत्या. ह्या दोहोंनाही एकाच दारातून आत घेणारी ही डॉक्टरीण होती. बाळंतपण जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही आणि वेळही विचारीत नाही. मध्यरात्री दार वाजले की उठावे, अडलेली बाई सोडवावी आणि पहाटे घरी यावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. गरिबांकडून त्या नाममात्र फी घेत. कित्येकदा तीही घेत नसत. बंदुकीच्या कवायतीचे वर्णन करावयास लेखण्या पुष्कळ सरसावतात. ह्या रात्रीच्या कवायतीला इतिहासकार मिळत नाही. आईने जन्म दिलेले मूल, आणि त्या मुलाला पुढे झालेले मूल, अशा दोन-दोन पिढ्या त्याच हातांत जगात आल्या.

संकटाची हाक आली की दवाखान्यातील डॉक्टरांमधून कॅप्टन बाहेर पडत. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित आले, तेव्हा त्या बनगावच्या सीमेवरील छावणीत औषधोपचारासाठी गेल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि उत्तरेकडील शहरांत शिखांवर हल्ले सुरू झाले. कानपूरही त्या वणव्यातून सुटले नाही. सत्तरीच्या ह्या बाई रस्त्यावर उतरल्या, जमावाला सामोऱ्या गेल्या आणि आपल्या दवाखान्याजवळच्या शीख कुटुंबांच्या केसालाही त्यांनी धक्का लागू दिला नाही. त्या जमावात त्यांच्याच हातांनी जन्मलेले कोणी नसतील, असे कोणी सांगावे? त्यानंतर महिनाभरातच, २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री, भोपाळला विषारी वायूने हाहाकार केला. वैद्यकीय पथक घेऊन त्या तेथेही गेल्या, आणि गर्भवती स्त्रियांवर त्या वायूचे काय परिणाम झाले, इकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्यांची राजकीय मते सर्वांना मान्य होती असे नाही. १९७१ साली त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि पुढे स्त्रियांच्या संघटनेचे काम अंगावर घेतले. २००२ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्या डाव्या पक्षांतर्फे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी होते डॉ. अब्दुल कलाम, पराभव ठरलेलाच होता आणि तो झाला. त्या कानपूरला परतल्या आणि रोगी तपासू लागल्या. १९९८ साली मिळालेल्या पद्मविभूषणानेही त्या क्रमात फरक पडला नव्हता. दाराशी आलेल्या बाईला ह्यातले काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती. तिला ठाऊक होते ते एवढेच, की येथे आपल्याला परत पाठविले जाणार नाही. नव्वदी उलटल्यावरही त्या दवाखान्यात जात होत्या.

२३ जुलै २०१२ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवव्या वर्षी, कानपूरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह तेथील गणेश शंकर विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. ज्या संपादकाचे नाव ह्या महाविद्यालयाला दिले आहे, ते विद्यार्थीजी १९३१ साली कानपूरच्या दंग्यात निरपराध माणसांना वाचविताना मारले गेले होते. त्याच शहरात त्रेपन्न वर्षांनंतर तशाच जमावापुढे उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाईंनी अखेरचा विसावा त्यांच्या नावाच्या वास्तूत घ्यावा, आणि तोही विसावा नसून विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम असावे, हे त्या आयुष्याला शोभण्यासारखेच झाले.

खाकी गणवेशातील ते छायाचित्र अवश्य जपावे. ते पाहून मुलींची मान ताठ होईल. मात्र त्याच्या शेजारी दुसरेही एक चित्र लावावे : कानपूरचा दवाखाना, बाकावर बसलेल्या बाया, आणि मान खाली घालून कुणाची तरी नाडी पाहणारी एक वृद्ध स्त्री. देशासाठी दोन वर्षे मरावयास सिद्ध होणे थोर आहे. त्यानंतरची साठ वर्षे त्याच देशातील अनोळखी माणसांसाठी रोज सकाळी कामाला लागणे, हे त्या सिद्धतेचे खरे उत्तरार्ध होते. कानपूरच्या बायांनी ते ओळखले होते.